'लेडी बी गुड' : वाळवंटातून चालत निघालेले आठ जण

माळरान

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर आपल्याकडे धागे निघतात तेव्हा चर्चा इंजिनं, वेग आणि बॉम्बचं वजन यांच्याभोवतीच फिरते. आज मला विमानातल्या माणसांबद्दल लिहायचंय. नऊ माणसं, एक बी-24 लिबरेटर बॉम्बर आणि एकच मोहीम.

1943 च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकी वायुदलाचा 376 वा बॉम्बर गट लिबियात, बेंगाझीजवळ सुलूकला होता. हॅटनची तुकडी तिथं मार्चमध्येच नव्यानं दाखल झाली होती. पायलट विल्यम हॅटन न्यूयॉर्कचा, को-पायलट रॉबर्ट टोनर मॅसॅच्युसेट्सचा. वाट आखणारा नॅव्हिगेटर डी. पी. हेज, बॉम्ब टाकणारा जॉन वोराव्का, इंजिनांवर लक्ष ठेवणारा हॅरॉल्ड रिप्स्लिंगर, रेडिओवर रॉबर्ट लामोट, आणि मशीनगनवर गाय शेली, व्हर्नन मूर व सॅम्युएल ॲडम्स. मिशिगन, मिसुरी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, कुठकुठली पोरं. एकत्र लढाईवर जायची ही त्यांची पहिलीच वेळ. मिळालेल्या विमानाच्या नाकाडावर नाव रंगवलेलं होतं, 'लेडी बी गुड'.

4 एप्रिलला इटलीतल्या नेपल्स बंदरावर हल्ला ठरला. दोन डझनांवर विमानं निघाली, तीही वाळूच्या वावटळीत. काहींच्या इंजिनांत वाळू गेली आणि ती अर्ध्या वाटेतून परतली. हॅटनचं विमान सगळ्यात शेवटी उडालेल्यांपैकी होतं. नेपल्सपर्यंत पोचेस्तोवर अंधार पडला, खालचं काही दिसेना. बॉम्ब समुद्रात टाकून विमान एकटंच माघारी फिरलं. ती रात्र अमावास्येची होती.

मध्यरात्री 12 वाजून 12 मिनिटांनी हॅटननं रेडिओवर बेंगाझीजवळच्या बेनिनाच्या तळाकडे दिशा मागितली. तळानं उत्तर दिलं 330 अंश, म्हणजे 'तुम्ही आमच्या वायव्येला, समुद्रावर आहात.' खरं तर विमान तळ ओलांडून आग्नेयेला, आत वाळवंटात शिरत होतं. ते तसंच जात राहिलं. पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आलं तेव्हा नऊही जणांनी उड्या टाकल्या. वोराव्काच्या अंगावर तर पाण्यात तरंगायचं जाकीट होतं.

रिकामं विमान आणखी साधारण 26 किलोमीटर गेलं आणि आपणहून पोटावर घसरत उतरलं. 1958 मध्ये तेल शोधणाऱ्यांच्या विमानांतून ते पहिल्यांदा दिसलं, आणि फेब्रुवारी 1959 मध्ये ब्रिटिश तेल कंपनीची माणसं त्याच्यापाशी पोचली. सुलूकपासून सुमारे 710 किलोमीटर आत. मशीनगन चालत होती, रेडिओ चालत होता. एक माणूस नव्हता, एक पॅराशूट नव्हतं.

मग शोध सुरू झाला. वायव्येकडे जाताना टाकलेले बूट सापडले. पॅराशूटचं कापड बाणासारखं कापून, वर दगड ठेवून केलेल्या खुणा सापडल्या. मागून कुणीतरी शोधत येणार, या भरवशावर त्या वाटेत ठेवलेल्या होत्या. फेब्रुवारी 1960 मध्ये पाच देह एकाच जागी सापडले: हॅटन, टोनर, हेज, लामोट आणि ॲडम्स. विमानापासून जवळजवळ 130 किलोमीटरवर. टोनरच्या खिशात छोटी डायरी होती.

तिच्यातल्या नोंदी चार-चार ओळींच्या आहेत. 5 तारखेला तो लिहितो की वायव्येकडे चालायला लागलो, जॉन अजून नाही, थोडं खाणं आहे, अर्धं कॅन्टीन (सैनिकाची पाण्याची बाटली) पाणी आहे, दिवसाला एक टोपण. 6 तारखेला दुपार नरकात गेली, रात्रभर पंधरा मिनिटं चाल आणि पाच मिनिटं थांबणं. 7 ला सगळे अशक्त झालेत, सारखी प्रार्थना चालू आहे. 8 ला वाळूच्या टेकड्या लागल्या, लामोटला दिसेनासं झालं, बाकीच्यांचेही डोळे बिघडले. 9 ला शेली, रिप्स्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढं निघाले, बाकीच्यांना पाऊल उचलवेना, सगळ्यांना मरण हवंसं वाटतंय. 10 ला दोन पक्षी दिसले. शेवटची नोंद 12 तारखेची, एकाच ओळीची: अजून मदत नाही, रात्र फार थंड.

आता मला हे का लिहावंसं वाटलं ते सांगतो. अमेरिकी सैनिकाचं कॅन्टीन एका लिटरला थोडं कमी. अर्धं म्हणजे जेमतेम पाऊण तांब्या. माणसं आठ. मी घरी मापून पाहिलं. माणशी वाटणी होते 60 मिलीलिटरपेक्षाही कमी. आमच्याकडचा कटिंगचा छोटा ग्लासही त्यात भरत नाही, आणि एवढं पाणी पूर्ण प्रवासाला मिळून. तरीही 11 एप्रिलला, चालायला लागल्यापासून सातव्या दिवशी, टोनर लिहितो की जिभेला लावण्यापुरतं पाणी उरलंय.

सातव्या दिवशी उरलंय. डोळे गेलेत, मरण मागतायत, आणि त्या कॅन्टीनवर कुणी झडप घातलेली नाही. या माणसांची मोहीम फसली, दिशा चुकली, सगळं खरं. पण तुकडी म्हणून ते शेवटपर्यंत मोडले नाहीत, आणि याचा पुरावा त्या तळाशी उरलेल्या पाण्यात आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

निळी शाई

वाचून बराच वेळ सुन्न बसले. 'जॉन अजून नाही' हे लिहिणं... स्वतःचं पाणी संपत आलेलं असताना आधी मित्राची नोंद.

एक शंका आहे. विमान फक्त 26 किलोमीटरवर होतं ना? मग ते विमानाकडे का गेले नाहीत? तिथं खाणंपाणी असेलच की.

माळरान

ताई, होतं. पाणी होतं, खाणं होतं, गरम कपडे होते, आणि संदेश पाठवता आला असता असा रेडिओ होता. तिथं पोचलेल्यांना थर्मासमधलं पेयसुद्धा पिण्याजोगं मिळालं. तुमचाच प्रश्न माझ्याही मनात पहिल्यांदा आला होता.

पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. काळोखात उडी मारली, आवाज लांब गेला आणि बंद झाला. इंजिनं बंद पडत चाललेलं, कुणी चालवत नसलेलं विमान जमिनीवर आदळून चुरा होणार हेच कुणीही धरून चालेल. शिवाय ते गेलं दक्षिणेकडे, आणि यांच्या समजुतीप्रमाणे समुद्र आणि तळ वायव्येला, एखाद-दोन दिवसांच्या चालीवर. वायव्य बरोबरच होती. अंतर चुकलं होतं. समोर 700 किलोमीटर होते.

उनाड पाऊस

लेख चांगला आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं. आपण त्यांच्या धीराचं कौतुक करतो आणि मूळ चूक बाजूला राहते. नॅव्हिगेटर काय करत होता? समुद्र संपून जमीन लागली हे पायलटला दोन तासांत कळू नये? तळ ओलांडून दोन तास उलट्या दिशेनं जाणं ही छोटी चूक नाही. नऊ जीव गेले त्यात.

जुना खलाशी

उनाड पाऊस, तुमचा राग समजतो, पण दिशा सांगणारं ते यंत्र मी स्वतः चालवलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी सत्तरच्या दशकात व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो.

दिशा शोधायला तारेचं एक गोल कडं असतं, त्याला आम्ही लूप म्हणायचो. कानाला हेडफोन लावायचा आणि कडं हळूहळू फिरवायचं. फिरवताना समोरच्या रेडिओचा आवाज वाढतो, कमी होतो, आणि एका जागी पार बुडतो. ती आवाज बुडायची जागा म्हणजे दिशा. आता गोम इथं आहे. पूर्ण फेऱ्यात आवाज दोनदा बुडतो, एकदा इकडे आणि एकदा बरोब्बर पाठीमागे. कड्याला पुढचं आणि मागचं कळत नाही. 330 आणि 150 त्याला सारखेच. कुठलं खरं, ते ठरवायला वेगळी उभी एरियल जोडावी लागते, नाहीतर दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून आणखी एक माप घ्यावं लागतं. आमच्या जहाजावर मुंबईच्या बाहेर असताना हा घोळ व्हायचा नाही, कारण किनारा पूर्वेला आहे हे शेंबड्या पोराला माहीत.

त्या रात्री बेनिनात बसलेल्या पोरानंही हाच विचार केला असणार. विमान नेपल्सहून येतंय. नेपल्स तिथून नेमकं त्याच रेषेत, वायव्येला, 1100 किलोमीटर. मग आवाज बुडाला त्या दोन जागांपैकी तो 330 च धरणार. मीसुद्धा तेच धरलं असतं. विमान डोक्यावरून पुढं निघून गेलं असेल हे मनात येणार कसं?

वेळेचा हिशेब लावा. 12 वाजून 12 मिनिटांपासून दोनपर्यंत पावणेदोन तासांच्या वर होतात. हे विमान ताशी 320 ते 350 किलोमीटरनं जाणारं. म्हणजे सहाशेच्या आसपास. उडी मारली ती जागा तळापासून पावणेसातशेच्या पुढंमागं. याचा अर्थ दिशा मागितली तेव्हाच ते तळ ओलांडून गेलेले होते. पाठीवर वारा असेल तर हे व्हायला फार काही लागत नाही. आणि एकदा अधिकृत आकडा हातात पडला की नॅव्हिगेटर बापडा स्वतःचा हिशेब बाजूला ठेवतो, तेही पहिल्याच मोहिमेवर असलेला.

राहिलं समुद्र आणि जमीन ओळखण्याचं. अमावास्येला समुद्रावर जहाजाच्या ब्रिजमध्ये, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, उभं राहिलात तर पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नाही. खाली सपाट वाळवंट असेल, एक दिवा नसेल, तर हजारो फुटांवरून तेही तसंच दिसणार.

उनाड पाऊस

काका, हे माहीत नव्हतं. मी 'दोन तास कळलं नाही' यावर अडून बसलो होतो. दिशा तळानंच दिलेली आणि तीही मागे-पुढे उलटी, हे कळल्यावर नॅव्हिगेटरवर खापर फोडणं बरोबर नाही. शब्द मागे घेतो.

वाळूघड्याळ

ऐंशीच्या दशकात मी लिबियात पाइपलाइनच्या कामावर होतो, पावणेतीन वर्षं. ही घटना आम्हाला तिथल्या जुन्या माणसांनी सांगितली होती, पण डायरीतलं इतकं आज कळलं.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वाळूच्या टेकड्या येतात. हे लोक उतरले तो भाग टेकड्यांचा नाही. त्याला 'सरीर' म्हणतात. बारीक खडीचं मैदान, टणक, ताटासारखं सपाट. झुडूप नाही, मोठा खडक नाही, सावली म्हणून काही नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीतून उतरून स्वतःभोवती फिरलो, आणि चारी बाजूंना एकच रेघ. पुन्हा गाडीकडे पाहिलं तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला. तिथं गाडीची चाकोरी वर्षानुवर्षं मोडत नाही.

अशा जागी चालताना माणसाला आपण पुढं सरकतोय हेच कळत नाही. आणि सरीर संपल्यावर कलान्शोची वाळू लागते, ती डायरीतली 8 तारीख. दोन पावलं वर चढायचं, एक पाऊल खाली घसरायचं. आमच्याकडे पाणी होतं, बूट होते, गाडी होती, तरी अर्धा तास त्या वाळूत चाललो की पिंढऱ्या भरून यायच्या. ती माणसं तीन दिवस उपाशीतापाशी चालून तिथं पोचली आणि मग वाळूत शिरली.

थंडीचंही सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाळवंटातली थंडी पटत नाही. टोनरनं रात्री 35 अंश लिहिलंय, ते फॅरनहाइट. म्हणजे जेमतेम 2 अंश सेल्सिअस. एप्रिलमध्ये आमच्या तंबूत आम्ही दोन ब्लँकेटं घ्यायचो. त्यांच्याजवळ 9 तारखेला एक पॅराशूट उरलं होतं.

त्या काळी जाणकारांचा अंदाज असा होता की एवढ्या पाण्यावर माणूस फार तर पन्नासेक किलोमीटर जाईल. हे शंभराच्या वर गेले. मला वाटतं ते त्या पंधरा-पाचच्या शिस्तीमुळं. दिवसा पडून राहायचं, ऊन उतरल्यावर चालायचं. यात त्यांचं काहीही चुकलेलं नाही. मला कुणी तिथं सोडलं असतं तर मी पहिल्याच दुपारी चालून मेलो असतो.

सातारकर

विमानाचे अवशेष 1994 मध्ये तोब्रुकच्या लष्करी तळावर नेऊन ठेवले, हे वाचलं होतं. तोब्रुक हे नाव आमच्या भागात नवीन नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण जून 1942 मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथंच कैद झाली. आमच्या शेजारच्या घरातले आजोबा त्यातले. ते युद्धाबद्दल बोलायचे नाहीत, पण पाणी सांडलं की फार चिडायचे. आजीला आम्ही विचारायचो, आजोबा एवढ्याशा पाण्यावरून का ओरडतात? ती म्हणायची, ते जिथं होते तिथं पाणी मापून मिळायचं. माळरान यांनी टोपणाचा हिशेब मांडला आणि मला ते आठवलं.

अबोली

मी ओहायोत राहते. डेटनला अमेरिकी वायुदलाचं संग्रहालय आहे, तिथं या विमानाच्या वस्तू बघितल्यात. लिबियात व्हीलस इथं अमेरिकेचा तळ होता, तिथल्या चर्चमध्ये या नऊ जणांच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसवली होती. तळ बंद झाल्यावर ती इथं आणली. मी गेले तेव्हा तिच्यासमोर एक म्हातारं जोडपं हात धरून उभं होतं, म्हणून मीही थांबले. तोवर मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या विमानाचे भाग दुसऱ्या विमानांना लावले आणि त्यांना अपघात झाले, विमान शापित होतं, असं सगळीकडे लिहितात. त्यात तथ्य आहे का? आणि मदत आणायला गेलेल्या तिघांचं काय झालं? जॉनचं काय झालं? तुम्ही ते लिहिलंच नाही.

माळरान

अबोलीताई, आधी शापाचं. काही भाग दुसऱ्या विमानांत वापरले गेले आणि त्यातल्या काहींना त्रास झाला, असं सांगितलं जातं. युद्धानंतरच्या त्या काळात लहानमोठे अपघात होतच होते, त्यामुळं मी यात शाप बघत नाही. उलट शापाच्या गप्पांत टोनरची डायरी मागे पडते, याचं मला वाईट वाटतं. त्या रात्री काय घडलं ते जुना खलाशी काकांनी तारेच्या कड्यावरून समजावलं, त्यापलीकडे काही शोधायची गरज नाही.

चार महिन्यांनी, 1 ऑगस्टला, याच बेंगाझीच्या परिसरातून पावणेदोनशेवर लिबरेटर रुमानियातल्या प्लोएश्तीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर गेले आणि पन्नासहून जास्त परत आले नाहीत. 376 वा गट त्यात होता. हॅटन आणि त्याची माणसं वाचली असती तर बहुधा त्यातही असती. बॉम्बरवरच्या पोरांचं आयुष्य तेव्हा असंच होतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

आता तिघांचं. मे 1960 मध्ये शेली आणि रिप्स्लिंगर सापडले, पाच जणांच्या पुढं, टेकड्यांत.  पाच जण सापडले तिथपासून दोघंही आणखी कितीतरी किलोमीटर गेले होते. रिप्स्लिंगरकडेही डायरी होती. 11 तारखेला त्यानं लिहिलंय की वाळूतून बाहेर पडून पाणी शोधायची धडपड अजून चालू आहे. म्हणजे त्याच दिवशी मागं पाच जण मदतीची वाट बघतायत, आणि इकडे हा अजून मदतच आणायला चाललाय. त्याच्या त्या दिवसाच्या नोंदीत थांबलो असा शब्द नाही. मूर मात्र अधिकृतपणे कधीच सापडला नाही.

लामोटच्या गावी, मिशिगनमधल्या लेक लिंडनला, या विमानाचं एक प्रॉपेलर उभं केलेलं आहे. ओहायोहून तसं लांब आहे, पण कधी त्या बाजूला गेलात तर बघून या आणि इथं लिहा.

जॉनचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. धाग्यात ते कुठं सांगावं तेच कळेना. तो ऑगस्ट 1960 मध्ये सापडला, सगळ्यांच्या नंतर. पॅराशूट नीट उघडलं नव्हतं. त्या रात्री बाकीचे आठ जण अंधारात एकत्र आले, तेव्हा तो बहुधा आधीच गेलेला होता. हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून टोनर 5 तारखेला चालायला लागल्यावरही आधी त्याचंच लिहितो, की जॉन अजून नाही.